वैजूचा हात

लोखंड घासायची कानस सरळ चालवता येणं, एवढीच वैजूची इस्टेट होती. दहावीला दोनदा आपटलेल्या मुलीला शिरोलीच्या त्या कारखान्यात एरवी कोण उभं करणार? पण शाळा सुटलेल्या मुलींसाठी तिथे आता महिनाभराचा वर्ग निघाला होता, आणि त्यात ‘अनुहस्त’ आले होते. दिसायला साधे पातळ हातमोजे. वर्गातल्या सगळ्यांत सफाईदार हाताची हालचाल टिपायची आणि बाकीच्या हातांना तशीच हलकी ढकल द्यायची, हे त्यांचं काम. महिनाअखेरीस शिकाऊ म्हणून घेणार मात्र एकीलाच.

कोणाचा हात टिपला जातो, हे वर्गाला शिकवणारे बाबालाल उस्ताद सांगत नसत. एकदा मात्र बोलून गेले, “वैजू, तेजलचं काम बघ. हुबेहूब तुझा हात!”

वैजूच्या अंगाचा तिळपापड झाला. फोड हिच्या तळव्याला आणि शाबासकी त्या गोडबोल्या तेजलला! तेजलही दहावी नापास, तीही पत्र्याच्या घरातली. पण म्हणून काय जीव जळायचा थांबतो?

“आयतं मिळतंय भवानीला,” ती पुटपुटली.

त्या दिवसापासून कानस मारताना ती मनगट डावीकडे कलवायला लागली. केसभरच. मोज्याने ते इमानदारीने टिपलं. घासायला दिलेला आपला लोखंडी ठोकळा ती शेवटी मोजा काढून गुपचूप नीट करून घ्यायची. तेजलच्या ठोकळ्याला मात्र काटकोन तपासायचा गुण्या लावला, की खालून उजेडाची फट दिसायची. उस्ताद तेजलवर डाफरले, त्या दिवशी वैजूने घरी एक भाकरी जास्त खाल्ली.

परीक्षेला मोजे नव्हते आणि वेळ होता फक्त अर्धा तास. वैजूने कानस सरळ मारली, गुण्या लावला. फट! पुन्हा मारली. अगं बाई! मनगट आपोआप डावीकडे जात होतं. तीन आठवड्यांत तो वाकडेपणा तिच्याच हातात मुरला होता.

तेजलचा ठोकळा काटकोनात बसला. जागा तिला मिळाली.

दारात तेजलने वैजूला गाठलं. “उस्ताद ओरडायला लागले, तेव्हा मी मोज्याची ढकल बंदच करून टाकली. आधीचं आठवून आठवून कानस मारली. तो हात तुझा होता ना गं?”

वैजूने मनगट ओढणीखाली लपवलं.

“पुढच्या महिन्यात आणखी एक जागा निघतेय. मोज्यात आता माझा हात भरलाय. घालतेस?”

तेजलने मोजा पुढे केला. वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि संतापही तेवढाच दाटला. हा मोजा घालून जो सरळ हात परत मिळेल, तो आपला म्हणायचा, की तेजलचा?