पाण्याची नळी

इसवी सन २०१९, जुलै महिना. होबार्टमधला ऐन हिवाळा. दुपारीच दिवे लावावे लागत होते. प्रयोगशाळेत टॅम्सिन संगणकासमोर बसली होती. टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी प्राण्यांच्या रक्तनमुन्यांच्या जनुकीय फाइली तिची स्क्रिप्ट, म्हणजे तिने लिहिलेला छोटा प्रोग्राम, एकामागून एक तपासत असे. कुणालाही तोंडाच्या गाठींचा संसर्ग नाही असे ठरले, तरच महिनाअखेरीस त्यांना रोगमुक्त बेटावर सोडायचे होते. एक जरी रोगी सुटला असता, तरी बेटावरचे सारे डेव्हिल गेले असते.

स्क्रिप्ट मात्र शेवटच्या फाइलीपाशीच गरगरत राहिली होती. ती फाइल नुसत्या पाण्याने भरलेल्या चाचणीनळीची. नमुन्यांत बाहेरचे काही मिसळले नाही ना, हे कळावे म्हणून ती नळी ठेवीत. ती फाइल रिकामी होईपर्यंत तिच्यातले ओळखीचे अंश गाळत राहा, अशी आज्ञा टॅम्सिनने पूर्वी लिहिली होती. ती रिकामी होणारच नाही, हे तिच्या मनातही आले नव्हते.

"रोवन, पाण्यात माणूस आहे."

"बुडालाय का?" पलीकडच्या टेबलावरून रोवन हसला. "माझंच काही पडलं असेल. आपल्या कर्मचाऱ्यांच्या जनुकीय नोंदींशी ताडून बघ."

नाव निघाले, ग्वेन्डा.

रोवनचे हसू विरले. त्यांच्या सहकारी ग्वेन्डाला मार्चमध्ये पुरले होते. पाण्याची नळी भरणे हे तिचेच काम. सगळे नमुने हाताळून झाल्यावर, अगदी शेवटी ती भरी आणि दोनदा उजेडात धरून पाही.

"या खेपेला... तू कधी भरलीस?"

"सगळ्यांत आधी. घाईत होतो गं..."

"मग नंतर काय मिसळलं ते कळणार कसं? कान उपटले असते तिनं तुझे!"

"पण पाण्याची बाटली नवी होती, टॅम. मीच उघडली. तिचा हात लागलेलाच नाही..."

सारे नमुने पुन्हा घेतले. पाणी शेवटी भरले. ते निर्मळ निघाले. एका मादीच्या रक्तात मात्र गाठीचा अंश सापडला. पहिल्या वेळी घाईत तिच्या नळीत शेजारच्या पिंजऱ्यातल्या निरोगी मादीचे रक्त गेले होते.

नऊ ऑगस्टला तिला मागे ठेवून बाकीचे बेटावर पोहोचले आणि प्रकरण मिटले. त्याच सायंकाळी टॅम्सिनने ती जुनी आज्ञा खोडून टाकली. आता स्क्रिप्ट प्रत्येक फाइल एकदाच पाहते.

पाण्याची तेवढी दोनदा.