येतो म्हण

"वहिनी, पहले बॅटरी. बॅटरी काढल्याशिवाय पेचाला हात लावायचा नाही. आणि पेच ताटलीत मांडा, जसे निघतील तसे."

हा मयुरेशचा, माझ्या धाकट्या दिराचा, कानात राहिलेला आवाज. चैत्रात मोटारसायकलवर कामासाठी धारला निघाला, वाटेत अपघात झाला, तो परत आलाच नाही. निघताना दारातून म्हणाला होता, "चलो वहिनी, जातो."

"जातो म्हणू नये रे. येतो म्हण."

"हुकूम निघाला! बरं, येतो."

"तू येईपर्यंत रिमोट दुरुस्त करून ठेवते. मग तो दरवाजा उघडू."

"रिमोट नाही हो, कंट्रोलर! पंखा लावायचाय का? वचन?"

"वचन."

टीव्हीवरच्या आमच्या खेळात दोन वाटसरू असत. निळा त्याचा, पिवळा माझा. शेवटचा दरवाजा दोघांनी एकदम ढकलला तरच उघडतो. मी नेहमी मागे राहायची. मग तो दरवाज्यापाशी थांबून निळ्याला दोन उड्या मारायला लावायचा. म्हणजे, चला ना वहिनी. पुढे त्याचा कंट्रोलर बिघडला. चालवायच्या स्टिकवरचा अंगठा काढला तरी निळा आपला आपण चालत राहायचा. आत धूळ बसली, भाग झिजला की असं होतं, हे त्यानेच सांगितलेलं.

तीन महिने मी त्या वस्तूला हात लावला नाही. मग एका गुरुवारी बसले. सकाळी टेकडी चढून मातेचं दर्शन आणि दिवेलागणीला देवापुढे स्वतः वळलेल्या वाती, हा माझा अठरा वर्षांचा नेम. त्यातलीच एक वात स्पिरिटमध्ये बुडवून स्टिकचं बूड पुसलं. वात काळी झाली. देवाची वात तिथे वापरायला नको होती, हे नंतर सुचलं. सगळं जोडलं. सांजेला निळा पुन्हा आपला आपण चालायला लागला.

नवी स्टिक मागवली. ह्यांच्या कारखान्याच्या दिवसांतली सोल्डरिंग गन माळ्यावरून काढली, जुनी स्टिक उपटून नवी बसवली. खोलीभर राळेचा वास. दुपारभर निळा जागचा हलला नाही. मी टीव्ही चालूच ठेवून दिवे लावायला गेले. वळून पाहिलं तर तो दरवाज्यापाशी होता.

"सेटिंग बिघडली असेल," हे म्हणाले. टीव्हीकडे मात्र बघत नव्हते. "देऊन टाक ना ते कुणाला तरी."

"वचन दिलंय."

"कुणाला? त्याला?"

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही की तो 'जातो' म्हणाला होता, मीच त्याला शब्द बदलायला लावला.

आज बॅटरीच काढली. ताटलीत ठेवली, चार पेचांच्या मधोमध. त्याचा कंट्रोलर उघडाच, शेजारी. फक्त माझा चालू केला आणि वाती लावायला उठले.

परत आले तेव्हा निळा दरवाज्यापाशी उभा होता. पाठ दरवाज्याकडे, तोंड माझ्याकडे.

त्याने दोन उड्या मारल्या.

बिघडलेली स्टिक चालवू शकते. उडीला बटण दाबावं लागतं.

मी ताटलीकडे पाहिलं. बॅटरी तिथेच होती.

"मयुरेश," मी हळूच म्हणाले, "चुकलं माझं. जातो म्हण रे, बाळा."

तो हलला नाही. मग पुन्हा दोन उड्या.

एकट्याने तो दरवाजा उघडत नाही.

मी पाटावर बसले. पिवळ्याचा कंट्रोलर हातात घेतला.

"चहा गाळतोय गं," आतून ह्यांनी हाक मारली. "येतेस ना?"

'येते' म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. तो शब्द काय करतो, ते समोर उभं होतं.

काही न बोलता मी माझी स्टिक पुढे ढकलली.