अधांतरी मांजर

पैज लावतो, यातलं एक अक्षरही तुम्हाला खरं वाटणार नाही. न वाटू दे. मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा मी शाळेसाठी व्याकरणाचं पुस्तक लिहीत होतो. धडा धातुसाधितांचा. जाताना, बघून, हसणारी, सांगायला… सगळी क्रियापदाच्याच पोटची. पण एकट्यानं वाक्य पुरं करायची धमक एकातही नाही. त्यांच्या संगतीत माझंही बोलणं तसंच होऊन बसलं.

एका सकाळी कचेरीचं दार चुकून आपटलं, आणि ती आत आली. धड्याची चित्रं काढणारी. कानामागे पेन्सिल, बोटांना शाई.

"उडी मारणारं मांजर काढायचंय म्हणे," ती म्हणाली. "झोपलेलं सांगा, आत्ता काढते. उडी मारणारं थांबतं कुठे?"

"तुम्हाला बघून…" मी म्हणालो, आणि अडकलो.

कपाटावरून झेपावलेलं कचेरीतलं मांजर हवेतच थांबलं. पंख्याची पाती थबकली. गळक्या नळाचा थेंब नळाखाली मोत्यासारखा लटकून राहिला. उन्हातले धूलिकणसुद्धा जागच्या जागी. सगळं जग माझ्या क्रियापदाची वाट बघत होतं.

ती घाबरली नाही. मांजराभोवती हळूच एक चक्कर मारली, मिशीचा केस न् केस कागदावर उतरवला.

"झालं माझं. आता पुरं करा, बिचारं अवघडलं असेल."

"…पंखा लावावासा वाटला."

मांजर धपकन खाली. पाती गरगरली.

"तो चालूच आहे," ती म्हणाली, आणि ओठ मिटून हसली.

मग रोजचंच झालं. मी अडकायचो, ती गळणारं पान काढायची, उतू जाणारं दूध काढायची.

"उद्या पक्षी काढायचाय. जरा लांबलचक अडका."

"मी मुद्दाम नाही हो अडकत…"

"माहितेय. म्हणून तर…" यावेळी तीच अडकली. पण जग काही थांबलं नाही. माझं काळीज तेवढं थांबलं.

पुस्तक संपलं. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. मी धापा टाकत स्टँडवर पोचलो तेव्हा बस हलत होती, ती खिडकीत.

"तुम्ही गेल्यावर…"

बस थिजली. धूर कापसासारखा मागे चिकटून राहिला. पण पंचाईत बघा… वाक्य पुरं केलं की बस सुटणार, नाही केलं तर ती जन्मभर त्या खिडकीत.

तिनं पेन्सिल कानामागे खोचली. "आज मी चित्र काढत नाहीये," ती हळूच म्हणाली. "पुरं करा."

"…माझं एकही वाक्य पुरं होणार नाही."

आणि पोरांनो, ती अख्खी बस, प्रवाशांसकट, माझ्या एका क्रियापदासाठी…

"खोटं," खिडकीशी पेन्सिलीला टोक करत बसलेली तुमची आजी म्हणाली. "बस मी थांबवली होती. ड्रायव्हरला म्हटलं, जरा दम धरा, आमच्या माणसाला बोलायला वेळ लागतो."