मागच्या खोलीतली पाहुणी

थापाच मारायच्या असत्या तर मी यात अमावास्या घातली असती, दोन-चार कुत्री रडवली असती.

पण हे घडलं भर दुपारी. पोलीस ठाण्यात. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत.

आणि आत्याला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की तिचे कान लालबुंद होतात. घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे.

आत्या तेव्हा बायकांच्या कोठडीवर पहाऱ्याला होती. नुकतीच बदली होऊन त्या ठाण्यात आली होती. पुढे टेबल, मग बोळ, बोळात बायकांची कोठडी. बोळाच्या टोकाला आणखी एक खोली. लोखंडी दार आणि खाली ताट सरकवण्यापुरती झडप. तिला सगळे नुसतं 'मागची' म्हणत.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. जेवणं झालेली. कोठडीत कुणी नव्हतं. आत्या बोळात स्टुलावर बसून पेंगत होती.

आणि मागून आवाज आला...

"ताई, पाणी..."

बाईचा आवाज. घसा पार सुकलेला.

आत्यानं पेला भरला आणि झडपेतून आत सरकवला. थोड्या वेळानं पेला बाहेर आला. रिकामा.

आत्या टेबलापाशी गेली. "अहो, मागच्या बाईचं नाव काय? मला कुणी सांगितलंच नाही."

टेबलावर जो हवालदार बसायचा त्याला सगळे होयबा म्हणायचे. साहेबांनी दिवसाला रात्र म्हटलं तर हा दिवा लावायला उठणार, असला माणूस. त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"मागे कुणी नाही."

"काहीतरीच काय! आत्ता पाणी दिलंय मी."

होयबा उठला. किल्ली आणून त्यानं दार उघडलं.

आत एक खुर्ची. जमिनीवर धुळीचा थर... आणि त्या धुळीवर एकही पाऊल उमटलेलं नाही.

पाण्याचा थेंबही सांडलेला नव्हता.

होयबा खालच्या आवाजात म्हणाला, "इथे एक पाहुणी होती."

पाहुणी हा त्या ठाण्यातला शब्द. जिला उचलून आणलं पण जिचं नाव कुठेच लिहिलं नाही, ती पाहुणी.

"नवरा सापडेना, म्हणून तिला आणली. साहेब या खुर्चीवर बसवून विचारायचे तिला. मग एक दिवस ती बोलेनाशीच झाली."

"म्हणजे मेली?"

"हळू बोल की! नोंदच नाही तिची. म्हणजे ती आलीच नाही. आणि जी आलीच नाही, ती मरेल कशी?"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीतीही वाटली, का नाही वाटणार? पण त्या दिवसापासून ती रोज झडपेतून पेला सरकवू लागली.

रोज तो रिकामा परत यायचा.

पुढचं कळायला त्यांची एक रीत सांगायला हवी. पहारा बदलायच्या आधी पहारेकरीण बोळात उभी राहून ओरडायची, "आवाज द्या!" मग आतली एकेक बाई आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगायची आणि टेबलावरचा माणूस लिहून घ्यायचा. पाहुणीनं मात्र आवाज द्यायचा नाही. आणि बाहेरचं कुणी टेबलाशी असलं तर ओरडायचंच नाही. साहेबांची सक्त ताकीद होती.

एका सकाळी एक पोर आणली. कपडे शिवणारी. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती. हवा होता तिचा भाऊ, तो मिळेना, म्हणून हिला मशीनवरून उठवून आणलं होतं. बोळातून ओढत नेताना ती आपलं नाव ओरडत होती. घरच्यांना सांगा म्हणत होती.

त्यांनी तिचं तोंड फडक्यानं बांधलं आणि हात मागच्या खोलीतल्या खुर्चीला.

"साहेब, नाव तरी लिहा. बाईमाणूस आहे, घरी कळवायला नको?" आत्या म्हणाली.

"पाहुणी आहे ती. संध्याकाळी पहारा बदलला की तू घरी जा. पुढचं आम्ही बघतो."

"होय साहेब," होयबा म्हणाला.

पुढचं म्हणजे काय, हे आत्याला चांगलं कळत होतं. खुर्चीशेजारी बादली आणि वेताची छडी आणून ठेवली होती. साहेब जेवायला निघून गेले. किल्ली त्यांच्याच खिशात.

आत्या झडपेशी वाकली. "पोरी, ऐकतेस का गं?"

आतून नुसतं हुंकारल्यासारखं झालं.

आणि मग... अगदी झडपेला तोंड लावून कुणीतरी बोललं.

"ताई, हिचं नाव काय?"

आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावंसं वाटलं तिला. पण पोरीचं ओरडणं तिच्या कानात अजून घुमत होतं. तिनं ते नाव झडपेतून हळूच आत सांगितलं.



ऊन कलायला लागलं तशी पोरीची आई आली. सोबत एक वकीलबाई.

"माझी लेक इथं आहे," आई म्हणाली.

"इथे कुणी नाही. कोठडी बघा हवी तर," होयबा म्हणाला.

वकीलबाईंनी कोठडी बघितली. रिकामी. मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

"स्टोअर आहे ते. जुनी खुर्ची आहे आत."

दोघी परत निघाल्या. आईचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. आता ही गेली की पोर संपली, हे आत्याला कळलं.

तेवढ्यात बोळातून आत्या ओरडली, "आवाज द्या!"

होयबा ताडकन उठला.



आणि मागच्या खोलीतून नाव आलं. पोरीचं पूर्ण नाव. खणखणीत.

मग पुन्हा. मग पुन्हा.

आई उंबऱ्यातच खाली बसली. "हा आवाज माझ्या लेकीचा नाही... पण नाव तिचंच आहे हो!"

वकीलबाई होयबाकडे वळल्या. "तुमचं स्टोअर बोलतं वाटतं?"

होयबाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तो आवाज त्यानं ओळखला होता. साहेबांना न विचारता त्यानं पहिल्यांदाच काहीतरी केलं. पेन उचललं आणि पोरीचं नाव लिहिलं.

साहेब परत आले तेव्हा नोंद झाली होती. आई समोर, वकीलबाई खुर्ची ओढून बसलेल्या. नाव लिहिलेल्या बाईचं काही बरंवाईट झालं तर जाब द्यावा लागतो. साहेबांनी मुकाट्यानं किल्ली काढली.

दार उघडलं.

पोर खुर्चीत होती. जिवंत. धडधाकट.

तोंडावरचं फडकं मात्र तसंच... घट्ट बांधलेलं.

फडकं सोडल्यावर आईला बिलगून ती एवढंच म्हणाली, "माझ्या मागं एक बाई उभी होती. केसांवरून हात फिरवत होती. ओला होता हात."

पोर त्याच संध्याकाळी घरी गेली. साहेबांचं काय झालं विचाराल, तर बदली झाली. बस, तेवढंच.

त्या दिवशी घरी निघायच्या आधी आत्या झडपेशी बसली. "आणि तू गं? तुझं नाव काय?"

आतून उत्तर आलं नाही. पेला तेवढा बाहेर सरकला.

आता आत्या निवृत्त होऊन आमच्याकडे राहते. रोज दार लावायच्या आधी मधल्या खोलीत उभी राहून ओरडते, "आवाज द्या!" आम्ही हसत हसत नावं सांगतो. सगळ्यांची झाली तरी ती जरा वेळ थांबते. कान देऊन.

"आत्या, त्या दिवशी चुकून ओरडलीस की मुद्दाम?"

"सवय गं, सवय!"

कान लालबुंद.

गेल्या आठवड्यात सगळे बाहेर गेले होते. घरात मी एकटी. उजेड होता अजून. दार लावताना गंमत म्हणून मीच ओरडले, "आवाज द्या!"

आणि आमच्या घराच्या मागच्या खोलीतून...

"ताई, पाणी..."

पेला भरून मी त्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवला. परत आले तेव्हा तो रिकामा होता.

नाव विचारायला हवं होतं. आत्यानं एवढी वर्षं त्याचीच वाट पाहिली.

मला धीरच झाला नाही.