तिने विचारलं, तर काय सांगायचं?

किल्ली कुलपातच मोडली आणि अर्धी तिच्या हातात राहिली. चष्म्याच्या दुकानात कामावर पोचायची घाई, आणि बाईसाहेब अजून स्वतःच्याच दारात! शेवटी कोपऱ्यावरचा कुलूपवाला आला. त्याने चिमट्याने तुकडा अलगद ओढून काढला.

"किल्लीशी वैर आहे वाटतं?"

"रोज... जरा जास्तच फिरवून बघते."

"मग माझ्या धंद्याची काळजी मिटली!"

तो हसला, गालाला खळी पडली आणि तिची घाई कुठच्या कुठे पळाली.

त्याचं दुकान तिच्या वाटेवरच होतं. नसतं, तरी तिने वाट बदलली असती. रोज थोडी थट्टा, एखादी चोरटी नजर... पण एक गोष्ट तिने लपवली होती. घरातून सगळ्यांत शेवटी तीच निघायची, आणि कुलूप ओढून पाहायला जिन्यातून पुन्हा पुन्हा वर जायची. आई म्हणायची, "मनावर घे, जाईल." वहिनी म्हणायची, "रिकामं डोकं, दुसरं काय!" मनावर घेऊन जाणारं असतं, तर ते केव्हाच गेलं असतं. कुलूप लागलेलं तिला दिसायचं... पटायचं नाही.

एकदा जादा किल्ली द्यायला तो आला आणि जिन्यातच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत ती वर गेली, खाली आली, परत वर गेली. चोरी पकडली गेल्यासारखी ती रडायलाच लागली.

"डॉक्टर याला आजार म्हणतात. घरचे खूळ म्हणतात. तू काय म्हणणार?"

"एवढंच ना? भक्कम कुलूप बसवतो. शंका आली की मला फोन कर."

तो पळाला नाही, याचाच तिला केवढा आनंद! पण फोन वाढतच गेले. "लागलंय ना?" "लागलंय गं." घटकाभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. प्रेमापोटी तो आगीत तेल ओतत होता.

"डॉक्टर म्हणतात, उत्तरच द्यायचं नाही," तिने एक दिवस सांगून टाकलं. "जमेल?"

"कुलूपवाल्याने कुलपाबद्दल गप्प बसायचं?" त्याने डोकं खाजवलं. "आणि तू विचारलंस तर?"

"विषय बदल."

रविवारी दोघं फिरायला निघाले. घरात कोणी नव्हतं. तिने कुलूप लावलं, चार पायऱ्या उतरली आणि थबकली. 

"लागलंय... का रे?"

उत्तर त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. त्याने ते गिळलं.

"तू मला फार आवडतेस."

"हे... हे उत्तर नाही!"

"विषय बदललाय."

तिची छाती धडधडत होती. अर्धी भीतीने, अर्धी... जाऊ दे. वर जाऊन पाहायचा मोह अजून गेला नव्हता. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"काय म्हणालास? पुन्हा सांग."

"हे हवं तितक्या वेळा विचार," तो म्हणाला. "याचं उत्तर मी दर वेळी देईन."

ती पुढची पायरी उतरली.