बिनधुराची भट्टी

आवारातले लोक त्याला ‘बिनधुरे’ म्हणत. ते काही आडनाव नव्हतं, कौतुक होतं. शहराबाहेरच्या त्या आवारात तोडलेली, उन्मळलेली झाडं येत आणि ती जाळायचं काम त्याचं. उघड्यावर जाळली असती तर अर्धं शहर खोकत बसलं असतं. त्याची भट्टी म्हणजे खोलीएवढी पोलादी पेटी, वरून उघडी. एका काठावरच्या पाइपातून पंखा जोरात हवा सोडायचा आणि ती हवा पेटीच्या तोंडावर पडद्यासारखी ताणून राहायची. धूर वर आला की त्या पडद्याला थडकायचा, परत आगीत जायचा, तिथेच जळून संपायचा. वर उरायची नुसती गरम हवेची थरथर, आणि तळाशी घमेलं-दोन घमेली राख.

“पापं जाळायला बरी आहे रे तुझी भट्टी,” यंत्राने ओंडके उचलून टाकणारा लोडरवाला म्हणायचा. “धूरसुद्धा निघत नाही!”

तोही हसायचा. त्या उन्हाळ्यापर्यंत हसायचा.

आठवड्यातून एकदा त्याला धोक्याची झाडं तपासायला पाठवत. एका गल्लीत दोन मोठी झाडं शेजारी-शेजारी उभी होती. पलीकडच्या झाडाखाली एक शिंपी मशीन टाकून बसे. शिंप्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, “भाऊ, हे पलीकडचं आतून पोकळ आहे. ठोकून बघा, आवाज येतो.”

ऊन मी म्हणत होतं. फोन वाजत होता. “हो हो,” म्हणत त्याने न ठोकता अलीकडच्या झाडावर लाल पट्टा ओढला आणि चालता झाला. दोन दिवसांनी ते झाड तोडलं गेलं. एकोणीस दिवसांनी वारा सुटला आणि पलीकडचं पडलं. शिंपी मशीनवरून उठूही शकला नाही, जागीच गेला.

त्यानंतर बिनधुरेला घास गोड लागेना. तोंड मात्र त्याने उघडलं नाही.

मग एका सकाळी शिंप्याची बायको आवारात आली.

“आमच्या गल्लीतलं तोडलेलं झाड इथे आहे का, भाऊ? उद्या चौकशीचे साहेब येणार आहेत. त्यांना दाखवायचंय.”

तिच्या पाठीमागे वीस पावलांवर तो ओंडका पडला होता. आत कुठे पोकळ नाही, कीड नाही. सालीवर लाल पट्टा.

“ते कधीच जळालं, ताई.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली, आणि गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

दुपारी बारा वाजता त्याने तो ओंडका भट्टीत टाकायला लावला. पंख्याचा आवाज नेहमीसारखा होता. आग स्वच्छ होती. धुराची एक रेघसुद्धा नाही. तरी कुठूनतरी ओल्या पानांचा वास येत होता. ओंडक्याला तर एकही पान नव्हतं.

लोडरवाला खाली उतरला, भट्टीपासून थोडा लांब उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

“आज इथे बरं गार वाटतंय रे.”

लोडरवाल्याच्या निळ्या शर्टावर पानांची सावली हलत होती. वर फक्त थरथरती हवा होती आणि आभाळ.

ओंडक्याची राख झाली, भट्टी निवली, तेव्हा सावली तिथे नव्हती. पण बिनधुरेच्या जिवाला चैन पडेना. काम सोडून तो तडक गल्लीत गेला. जे काय व्हायचं ते होवो, सांगून टाकायचं.

गल्लीत आता एकही झाड नव्हतं. अलीकडे बुंधा, पलीकडे खड्डा. बुंध्यापाशी शिंप्याच्या बायकोने मशीन मांडलं होतं. शेजारच्या दोन म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसल्या होत्या. तिघींच्या अंगावर, मशीनवर, कापडावर दाट सावली होती. वारा नव्हता, तरी ती सळसळत होती.

“उन्हात का उभे, भाऊ?” ती म्हणाली. “या इकडे.”

तो पुढे झाला. डोक्यावरचं ऊन हललं नाही. तो डावीकडे सरकला. ऊनही सरकलं.

“ताई, चूक माझी होती. मी ठोकून बघितलंच नाही. आणि ते झाड... आज जाळलं. तुम्ही येऊन गेल्यावर.”

मशीन थांबलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “ते तेव्हा जळालं नव्हतं, भाऊ. माझ्या मागे होतं. येतानाच बघितलं मी.”

“उद्या साहेबांना सांगतो सगळं.”

“सांगा.”

तिने पुन्हा पायडल मारायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांपैकी एकीने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो थोडा वेळ बसला. त्या तिघी सावलीत होत्या. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं, सही घेतली, भट्टीची किल्ली काढून घेतली. सही करताना त्याचा हात पोळत होता. चौकशीच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही उत्तरेला.

संध्याकाळी तो घरी स्वयंपाकघरात बसला. खिडकी बंद होती, दिवा अजून लावला नव्हता. बायकोने चहाचा कप समोर ठेवला.

“काय म्हणाले साहेब?” तिने विचारलं.

आणि त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून तिने डोळ्यांवर हात आडवा धरला.