उपडे रांजण

"मच्छर शोधाले आले का?" रंजिता वाडीच्या फाटकातच उभी राहिली. "घाई काऊन केली? माणूस गेला, तेरवीबी झाली. आता सावकाश यायचं होतं."

समोरचा तरुण थबकला. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात लांब दांड्याची पळी, खांद्याला आरोग्य विभागाची पिशवी. चष्म्यावर पावसाचे थेंब होते. ते त्याने शर्टाच्या टोकाने पुसले आणि काचा आणखीच धूसर केल्या.

"ताई, मी स्वप्निल. आजच रुजू झालो या भागात. याच्या आंधी पुलगावले होतो."

"म्हणजे मी चिडू कोणावर, तेबी सांगून द्या."

"माझ्यावरच चिडा ना," तो हळूच म्हणाला. "हजर मीच आहो."

रंजिताला हसू येता येता राहिलं... आणि त्याचाही तिला राग आला.

पिपरी मेघेत चहूबाजूंनी घरं उभी राहिली, तरी रंजिताच्या वडिलांनी, नत्थूजींनी, भाजीची वाडी विकली नव्हती. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि हातगाडीवर विकायचे. भादव्यात त्यांना ताप आला. वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं, रक्त चढवलं, आणि एका सकाळी रंजिता रिकामा डबा घेऊन एकटीच घरी आली. त्यानंतर गल्लीतून धुराची गाडी फिरली. तिच्यासमोर उभं राहून पुढाऱ्यांनी फोटो काढले. आणि कॉलनीने निकाल देऊन टाकला — डेंगू आला तो वाडीतल्या घाण पाण्यातून. ज्या बायका वर्षानुवर्षं नत्थूजींकडून सांबाराची काडी फुकट मागून न्यायच्या, त्या आता रस्त्याच्या पलीकडून जात. फाटकापाशी बसलेल्या तिच्या आईच्या, कोकिळाबाईंच्या, पुढ्यात पालकाच्या जुड्या दुपारपर्यंत मलूल पडत. रोज.

स्वप्निलने वाडी पिंजून काढली. ड्रम, गाईची टाकी, जुना टायर. मग हौदात वाकून पाहिलं.

"हौद तर कोरडा आहे."

"रोज सांजच्याले रिकामा करते. भाजी धुतलेलं पाणी वाफ्याले जाते. अन् तसंबी हा मच्छर घाणीत नाई होत. स्वच्छ, साचलेल्या पाण्यात होते."

"घ्या! माझं भाषण तुमीच म्हणून टाकलं. आता मी काय करू?"

"खरं काम करा. चला माझ्यासंगं."

"ताई, पण—"

"अन् ताई-ताई नका करू. मी काही तुमाले राखी नाई बांधून राह्यली."

हे तोंडून गेल्यावर तिचे कान तापले. तो मात्र गंभीर चेहरा करून पळी पुसत राहिला. जरा जास्तच वेळ.

"येवढी कडकडली तुझ्यावर, बाबू," ओट्यावरून कोकिळाबाई म्हणाल्या, "चहा तरी पेऊन जाय."

चहा झाला आणि रंजिता त्याला कॉलनीच्या वळणावर घेऊन गेली. तिथे पाणपोई होती. ग्रामपंचायत सदस्य मधुकररावांनी ती उन्हाळ्यात बँड लावून उघडली होती, वडिलांच्या नावाने. 'कै. मोतीलालजी यांच्या स्मरणार्थ.' फलकावर वडिलांचा फोटो तळहाताएवढा, मधुकररावांचा खिडकीएवढा. मृग लागताच पाणी भरणारा बंद झाला. फाटक्या हिरव्या जाळीखाली चार मोठे रांजण तसेच राहिले, झाकणांविना, पावसाने काठोकाठ भरलेले.

"बाबा इथंच गाडी लावत होते," ती म्हणाली. "या जाळीच्या सावलीत."

स्वप्निल रांजणावर वाकला. त्याने पळी बुडवून वर काढली आणि टॉर्चचा झोत टाकला. नितळ पाण्यात केसाएवढ्या अळ्या वळवळत होत्या, वर येत होत्या, खाली जात होत्या... रंजिताने पुस्तकात त्यांची चित्रं पाहिली होती. त्या इतक्या आनंदात असतील असं तिला वाटलं नव्हतं.

"ए सर्वेवाल्या!" मधुकररावांची स्कूटर कचकन थांबली. "कोणाले इचारून हात लावला?"

"साहेब, अळ्या आहेत. रांजण रिकामे करा लागतीन."

"दवाई टाक अन् चालता होय. रांजण हालले नाई पाह्यजे. बाबूजीच्या नावाचं पुण्याचं काम हाय हे. तुह्या साहेबाले फोन लावू का? कंत्राटी ना तू?"

रांजणाच्या काठावरचा स्वप्निलचा हात थांबला. रंजिताने तो थांबलेला पाहिला. हाही... हाही तसाच निघाला. आणि इतक्या थोड्या ओळखीत आपल्याला एवढं का लागावं, हे तिला कळेना.

ती मधुकररावांकडे वळली.

"काका, तुमच्या बाबूजीचं नाव या फलकावर आहे. माझ्या बाबाचं कुठं लिहू? याच्याच खाली लिहून देऊ?"

"तुह्याच वाडीतलं घाण पाणी—"

"वाडी आत्ताच तपासली," स्वप्निल म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण फाटकाफाटकांत उभ्या राहिलेल्या बायकांना पोचेल एवढा होता. "एक अळी सापडली नाई. इथं पह्यल्याच पळीत सापडल्या. ज्याले पाहायचं त्यानं येऊन पाहा. अन् फोन लावा साहेब, मी इथंच आहो."

त्याने बाह्या सरसावून रांजणाला मिठी मारली. रांजण जागचा हलला नाही.

"एकट्यानं नाई होत," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला.

रंजिताने ओढणी कमरेला खोचली. दुसऱ्या बाजूने तिने काठ धरला. ओल्या, शेवाळलेल्या मातीवर त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... कोणीच हात सरकवला नाही.

"आता?"

"आता!"

रांजण कलंडला. पाणी भसकन दोघांच्या पायांवरून उतारावर धावलं आणि तिची एक चप्पल घेऊन गेलं. स्वप्निल चपलेमागे धावला, ती घेऊन आला, तिच्या पायाशी ठेवली. मग दुसरा रांजण, तिसरा. चौथ्याच्या वेळी तिच्या डोळ्यांना धार लागली. चेहरा आधीच भिजलेला होता, कोणाला कळलं नसतं. त्याला कळलं. तो पाठ फिरवून बुटाची नाडी बांधायला खाली बसला. त्याच्या पायात सँडल होते.

मधुकररावांनी फोन लावलाच. आठवड्याच्या आत स्वप्निलला बोरगाव मेघेला टाकलं, आणि पुढचं कंत्राट मिळेल की नाही ते बघू, असं सांगितलं. फलक जागेवरच राहिला. इकडे समोरच्या गुलाबकाकू एक दिवस गुपचूप येऊन पालकाची जुडी घेऊन गेल्या. मग आणखी दोघी आल्या. चुकलं, असं एकीच्याही तोंडून निघालं नाही.

"आई, या बायकायले तू वरून सांबार देऊन राह्यली?" रंजिता धुमसली.

"भाजी इकाले बसली मी, भांडाले नाई. तू भांड. तुले जमते."

रविवारी सकाळी फाटकापाशी मोटरसायकल थांबली. आज पिशवी नव्हती, पळी नव्हती. चष्मा स्वच्छ होता.

"पालक कसा दिला, मावशी?"

"घरी रांधते कोण, बाबू?"

"कोणीच नाई. मले तर वरणबी येत नाई."

"मग नेऊन राह्यले काऊन?" रंजिताने मान वर न करता विचारलं. "बोरगावले भाजी भेटत नाई का?"

"भेटते. पण..." तो अडखळला. "तिथं माझ्यावर कोणी चिडत नाई. करमत नाई मले."

तिच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"मी अजून रागातच आहो," ती म्हणाली. "मधुकररावावर, फोटोवाल्यायवर, या साऱ्या कॉलनीवर. लवकर नाई जाणार माझा राग."

"नको जाऊ द्या. मी येत जाईन." मग अगदी हळू, "त्यात... माझा नंबर कितवा?"

"तुमी..." तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुमी नाई त्यात."

कोकिळाबाईंनी बारदान सरकवून जागा केली. "उभा काऊन? बस. जुड्या बांधाले हात पाह्यजे मले."

तो बसला. त्याने बांधलेली पहिलीच जुडी त्याच्या मांडीवर विस्कटली.

"सैल आहे," रंजिता म्हणाली. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, सुतळीचा वेढा घेतला आणि ओढला.

समोरच्या फाटकांत दोघीतिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. रंजिताने त्यांच्याकडे पाहिलं. हात काढला नाही.